नळीचं दुसरं टोक

मिस्त्रीनं आयुष्यात लोकांची किती घरं बांधली हे त्यालाही सांगता आलं नसतं, पण स्वतःचं एकही बांधलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तसलाच प्रकार. जिथं काम तिथं पत्र्याची खोली, आणि काम संपलं की खोली मोडून दुसरीकडं. त्याची बायको चाळीस वर्षं एक स्टोव्ह, एक पातेलं आणि दोन गाद्या घेऊन त्याच्यामागं हिंडली. दुसऱ्यांच्या अर्धवट भिंतींत तिनं संसार केला, आणि भिंतीला गिलावा झाला की बाहेर पडली. एकुलती मुलगी होती, ती लग्न होऊन लांब गेली.

यंदा मिस्त्रीनं काम सोडलं. सोडलं म्हणजे सोडावं लागलं. उजवा हात थरथरायला लागला होता. परांचीवर उभं राहून ओळंबा सोडला की वारा नसतानाही तो डुलत राही. ठेकेदाराच्या लक्षात यायच्या आत मिस्त्रीच म्हणाला, "आता पुरे." हाताचं हे दोघांनाच माहीत होतं, त्याला आणि बायकोला, आणि दोघंही त्याबद्दल एकमेकांपाशी अवाक्षर काढत नव्हती.

त्याला तळ्याकाठी घर हवं होतं. "जन्मभर साइटवर पाणी मागत हिंडलो," तो म्हणायचा. "टँकर आला का, हौद भरला का, भिंतीला पाणी मारलं का. आता म्हातारपणी पाणी समोर असू दे. मी नुसता बघत बसेन."

वर्षभर जमिनी बघणं चाललं होतं. मुलगी बघायला जावं तसा मिस्त्री धुतलेला सदरा घालून निघायचा, आणि पाहुणचार घेऊन खोड काढून परत यायचा. एक जागा भुसभुशीत, एक दगडावर, एकीचा शेजारी भांडखोर, एकीला वाट नाही. साडू बरोबर असायचाच. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. चाळीस वर्षं बस चालवून नुकताच निवृत्त झालेला, त्याला सगळे डायव्हर म्हणायचे. म्हातारपणी शेजारी शेजारी राहायचं हे दोघी बहिणींनी ठरवून टाकलं होतं, आणि नवऱ्यांना ते आपलंच डोकं वाटत होतं.

"मला कळतंय काय त्यातलं?" डायव्हर म्हणायचा. "मिस्त्री, तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा."

शेवटी ही जागा सापडली. उताराची, मऊ पण पहार मारली तर खाली घट्ट लागणारी. खाली लांबवर तळं चकाकत होतं. जमीनवाला गोड बोलणारा माणूस. म्हणाला, "अहो, तळं दारात येईल तुमच्या, दारात." बाजूनं पाच जुनी झाडं ओळीनं तळ्याकडं उतरत गेली होती. खालच्या तीन झाडांना काटेरी झुडपांनी वेढलेलं होतं, पण वरच्या दोन झाडांचे बुंधे मोकळे होते आणि पांढरे होते. मिस्त्रीनं एका बुंध्यावर थाप मारली. हाताला पांढरं लागलं.

"चुना," तो म्हणाला. "रस्त्याकडेच्या झाडांना सरकार चुना मारतं, बघितलंय ना? म्हणजे रस्ता येणार इथून. दोन वर्षांत भाव बघा कुठं जातो."

मिस्त्रीनं चुना म्हटल्यावर तो चुनाच. जन्म त्यातच गेला होता त्याचा. डायव्हरनं पंधरा दिवसांत आपल्या तुकड्याचा कागद करून टाकला. मिस्त्रीच्या तुकड्यावर जमीनवाल्याच्या भावाची सही बाकी होती, ती महिनाअखेरीला व्हायची होती. तोवर डायव्हरचं घर उभं करू, असं मिस्त्रीनंच सुचवलं. हाताला काम लागलं की थरथर कमी होते असं त्याला वाटत होतं.

पत्र्याची खोली पुन्हा उभी राहिली. डायव्हर आणि धाकटी अजून शहरातच होती, जमेल तसं येऊन विटा उचलत. बाकी रोज मिस्त्री आणि बायको. तो पाया खणून जोतं बांधायचा, ती माल कालवायची, घमेली द्यायची आणि पाणी आणायची. पाणी तळ्याचं. दोन हातांत दोन डबे. गुडघा दुखायचा म्हणून ती पावलं मोजायची, मोजलं की ओझं निम्मं होतं असा तिचा अनुभव होता. खोलीपासून पाण्यापर्यंत दोनशे चाळीस पावलं.

वरच्या बाजूला, कच्च्या वाटेपलीकडं टेकाडावर, एकच घर होतं. होडीवाल्याचं. म्हातारा एकटा राहायचा, दिवसा तळ्यावर मासे धरायचा. पण त्याची छोटी, हलकी होडी रात्री कधी पाण्यात नसायची. काम झालं की तो ती खांद्यावर टाकून एवढा चढ चढायचा आणि दाराच्या खांबाला साखळीनं बांधून ठेवायचा.

"होडी दारात बांधता?" मिस्त्रीनं पहिल्या दिवशी चेष्टा केली. "पळून जाते की काय?"

"जाते कधी कधी," होडीवाला म्हणाला.

डायव्हर पोट धरून हसला. मिस्त्रीही हसला. बायकोलाही हसू आलं, पण ते ओठांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. कोरड्या टेकाडावर ती गंजकी साखळी तिला बरी वाटली नाही. का, ते तिला सांगता आलं नसतं.

चौथ्या दिवशी दोनशे एकतीस पावलं झाली. तिला वाटलं, आपण मोजताना चुकलो. पाचव्या दिवशी ती मुद्दाम हळू चालली, दोनशे चोवीस. पाऊस नव्हता. आभाळ धुतल्यासारखं कोरडं होतं, ऊन पाठीवर चटके देत होतं, आणि पाणी पावलापावलानं वर येत होतं. आवाज न करता. सकाळी जिथं डबा टेकवायची तो दगड संध्याकाळी पाण्याखाली असायचा.

"पाणी जवळ आलंय," ती जेवताना म्हणाली.

"चांगलंय की," मिस्त्री म्हणाला. "तुझा पाय वाचला."

"रोज येतंय."

"तळं आहे ते. इकडं तिकडं होणारच. तुला काय, खेपा कमी झाल्या तरी तक्रारच." तो हसला आणि पेला उचलायला गेला. पेला कलंडला. पाणी त्याच्या मांडीवर सांडलं. त्यानं हात पटकन मांडीखाली दाबून धरला आणि दुसरीकडं बघत राहिला.

ती पुढं बोलली नाही. काय बोलणार? या माणसाचा हात गेला होता. परांची गेली होती. राहिला होता तो शब्द, मिस्त्रीनं सांगितलं म्हणजे खरं, एवढाच. तो शब्द आपल्या तोंडानं कसा मोडायचा? आणि पाणी एखाद्या दिवशी थांबेलही. तिनं थांबण्याची वाट बघायचं ठरवलं.

पाणी थांबलं नाही. दोनशे दहा. एकशे सत्त्याण्णव. ती रोज सकाळी डबे घेऊन निघायची. वाटायचं, आज तरी आकडा वाढू दे. एकशे ऐंशी. होडीवाला वाटेत भेटला तेव्हा तिनं विचारलं, "पाऊस नाही, मग पाणी कुठून येतं?"

"वर डोंगरात होतोय," तो म्हणाला. "इथं थेंब नसतो. तीन वर्षं नीट झाला नव्हता, यंदा झालाय."

"कुठवर येतं?"

होडीवाल्यानं तिच्याकडं बघितलं, मग खाली भिंतीवर वाकलेल्या मिस्त्रीकडं. "मिस्त्री माणूस आहे," तो म्हणाला. "त्यांना मी काय सांगायचं. त्यांनी बघूनच घेतलं असेल." आणि होडी खांद्यावर सरकवून तो वर गेला.

रविवारी डायव्हर आणि धाकटी आली. भिंती खिडकीच्या तळापर्यंत आल्या होत्या. डायव्हर रिकाम्या खोल्यांतून हिंडला. "इथं खाट," तो म्हणाला, "इथं खिडकीत खुर्ची. तळ्याकडं बघत बसायचं, कुणी हॉर्न मारणार नाही." मग खाली बघून म्हणाला, "ताई, पाणी स्वतःच चालत येतंय की. नळच नको घ्यायला."

"हो ना," ती म्हणाली. तिची बोटं पदराशी चाळा करत होती. धाकटी खिडकीच्या जागी उभी राहून तळ्याकडं बघत होती, आणि तिचा चेहरा इतका सुखाचा होता की मोठीला तिच्याकडं बघवेना. धाकटीचा नातू दीड वर्षाचा होता. सुटीत इथंच असणार, असं ती तिसऱ्यांदा सांगत होती. दारासमोर त्याच्यासाठी वाळू ठेवायची म्हणे.

बुधवारी एकशे चार पावलं झाली.

त्या दिवशी चहाचं पातेलं घासताना ती थांबली. तळ्याचं पाणी जड होतं. पंधरा दिवसांत पातेल्याच्या आत पांढरी कड धरली होती, जिथवर पाणी उकळायचं तिथवर, सरळ. विटेच्या भुकटीनं घासली तरी निघेना. नखानं खरवडली तेव्हा पांढरी खपली निघाली. हाताला पांढरं लागलं.

ती तशीच पातेलं हातात धरून बसली. मग उठली, कोयता घेतला आणि झाडांकडं गेली. चुलीसाठी ती रोज थोडी थोडी काटेरी झुडपं तोडतच होती, तिसऱ्या झाडापर्यंत आली होती. आज ती थांबलीच नाही. काटे हाताला लागत होते, मनगटावरून रक्त आलं, तरी ती तोडत राहिली. चौथ्या झाडाचा बुंधा मोकळा झाला. पाचव्याचा झाला. ती मागं सरकली आणि पाचही झाडं एकदम बघितली.

वरच्या झाडाचा बुंधा गुडघ्याएवढा पांढरा होता. दुसऱ्याचा कमरेएवढा. तिसऱ्याचा छातीएवढा. चौथ्याचा तिच्या डोक्यावर. पाचव्याचं पांढरं तिला हात वर करूनही गाठता येत नव्हतं. जमीन उतरत होती, पण पांढऱ्याची कड उतरत नव्हती.

खाली तळं शांत होतं, उन्हात चमकत होतं.

मिस्त्री भिंतीवर वाकून वीट बसवत होता. ती त्याच्यामागं जाऊन उभी राहिली. "अहो, नळी काढता का जरा?"

"कशाला?"

"मला एक लेव्हल बघायचीय."

मिस्त्रीनं वळून बघितलं. चाळीस वर्षांत बायकोनं लेव्हल मागितली नव्हती. धरली होती पुष्कळदा. मदतनीस आला नाही की नळीचं दुसरं टोक तिच्याच हातात असायचं. नळी म्हणजे काय, साठ फुटांची पारदर्शक रबरी नळी, आत पाणी. एका टोकाचं पाणी खुणेला लावायचं, दुसऱ्या टोकाला पाणी जिथं उभं राहील ती त्याच उंचीची खूण. मिस्त्री आपल्या टोकावरून ओरडायचा, "बोल!" पाणी ठरलं की दुसऱ्या टोकाच्या माणसानं ओरडायचं, "बोललं!" जो गप्प राहील त्याला शिवी. "दुसऱ्या टोकाचा माणूस मुका असला की घर वाकडं होतं," हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. पन्नास पोरं त्यानं या एका वाक्यावर शिकवली.

"आधी इकडं या," ती म्हणाली.

झाडापाशी आल्यावर तो म्हणाला, "हां, चुना. मग?"

"मग या खालच्याला कुठवर मारलाय बघा."

"मारणारा उंच असेल."

"आणि वरच्यापाशी येऊन बुटका झाला?"

मिस्त्री बोलायला गेला आणि थांबला. तो तिसऱ्या झाडाला टेकला, एक डोळा मिटला, विटांचा थर बघतात तसा पांढऱ्या कडेवर डोळा लावून चौथ्याकडं, पाचव्याकडं बघितलं. मग वळून वर दुसऱ्याकडं. पहिल्याकडं. त्याचा हात बुंध्यावर होता आणि थरथरत होता, आणि तो लपवायचं त्याला सुचलं नाही.

"खार आहे तो," ती हळू म्हणाली. "पातेल्याला धरतो तसा."

खोलीत जाऊन नळी घेऊन आला. त्याला अजून आशा असावी. डोळा फसतो, नळी फसत नाही, हेही त्याचंच वाक्य होतं.

तो तिसऱ्या झाडापाशी थांबला आणि आपलं टोक छातीशी, पांढऱ्या कडेला धरलं. ती दुसरं टोक अंगठ्यानं दाबून घेऊन गेली, जोत्यावर चढली, आत गेली. डायव्हरनं खाट ठेवायची म्हटली होती तिथं उभी राहिली. नळी तिनं सवयीनं छातीशी धरली.

"बोट काढ!" तो ओरडला. "बोल!"

तिनं अंगठा काढला. पाणी उसळून बाहेर आलं, तिच्या हनुवटीवर, छातीवर, पदरावर. ती दचकून मागं सरली. पाणी येतच राहिलं.

"वर धर! अगं, वर धर!"

तिनं नळी तोंडाशी धरली. तरी वाहत होतं. कपाळाशी धरली. केसांतून पाणी डोळ्यांत आलं. मग तिनं हात डोक्यावर ताणला, आणि तेव्हा कुठं पाणी थांबलं. सांडल्यामुळं नळीत पाणी कमी पडलं होतं, ते पुन्हा भरून आणलं. दुसऱ्यांदा ती विटांच्या ढिगावर चढून उभी राहिली. या वेळी काही सांडलं नाही. तिच्या ताणलेल्या हाताच्या मनगटाशी, नळीत, पाणी हललं, वरखाली झालं आणि ठरलं. तिनं दुसऱ्या हातानं भिंतीच्या जागी नुसती हवेत खूण धरली. भिंत तिथवर आलीच नव्हती अजून. दाराच्या चौकटीचं वरचं लाकूड जिथं येणार होतं, त्याच्या थोडंसंच खाली.

"बोल!" तो लांबून ओरडला.

या जागेवर खाट येणार होती. खिडकीत खुर्ची. दारात वाळू, आणि वाळूत दीड वर्षाचं पोर.

"बोल की! कुठं आलं?"

"बोललं," ती म्हणाली. आवाज एवढा बारीक आला की त्याला ऐकू गेला नसावा. पण तिचा वर धरलेला हात त्याला दिसत होता. त्यानं नळी सोडली. ती झाडापाशी गळून पडली आणि तिच्यातलं पाणी मातीत वाहून गेलं.

संध्याकाळी डायव्हर टेम्पोत दाराची चौकट घेऊन आला. धाकटी पुढं बसली होती. चौकटीला तिनं स्वतः तेल चोळलं होतं, चकचकत होती.

"उतरवू नका," मिस्त्री म्हणाला.

"का? भिंत रुसली?"

"उतरवू नका म्हणतो ना." त्यानं एकदा घसा खाकरला. बायको त्याच्याकडं बघत होती. आता येणारा शब्द तिनं त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "माझं चुकलं," तो म्हणाला. "चुना नव्हता तो. पाण्याची खूण आहे. तळं भरलं की तिथवर येतं. तुमच्या दाराच्या वरच्या लाकडापर्यंत."

डायव्हर आधी हसला. मग त्यानं मिस्त्रीच्या तोंडाकडं बघितलं आणि हसू गेलं. तो चालत झाडांकडं गेला. सुटायच्या आधी बसभोवती फेरी मारून टायर बघतात तसा तो एकेका झाडाभोवती फिरला, प्रत्येकाला हात लावला. पाचव्यापाशी त्यानं हात वर केला. पोचला नाही.

परत येऊन तो मिस्त्रीसमोर थांबला. "चाळीस वर्षं बस चालवली. चाकाखाली एक माणूस आला नाही. रोज उतरून बघायचो, मागं कुणी पोर बसलंय का." त्यानं झाडांकडं बोट केलं. "आणि इथं मी उतरून बघितलंच नाही. का? तर मिस्त्री म्हणाले. इथं पोराला झोपवणार होतो मी, मिस्त्री!"

मिस्त्री मान खाली घालून उभा होता.

"त्या जमीनवाल्याला धरतो," डायव्हर म्हणाला.

"त्यानं काय खोटं सांगितलं?" मिस्त्री म्हणाला. "दारात येईल म्हणाला होता."

धाकटी टेम्पोला टेकून उभी होती. ती तळ्याकडं बघत होती. "रविवारी एवढं जवळ नव्हतं," ती म्हणाली. "ताई, हे कधी आलं एवढं जवळ?"

"रोज आलं," मोठी म्हणाली. "पंधरा दिवस. मी मोजत होते. दोनशे चाळीस होतं, आज एकशे चार आहे."

"मोजत होतीस?" धाकटीचे डोळे भरले. "मग बोलली का नाहीस?"

मोठीला नवऱ्याचा हात दिसत होता, आणि तो बहिणीसमोर उघडा करायचा की नाही हे तिला कळत नव्हतं. तिला स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"ती बोलली होती," मिस्त्री म्हणाला. "मी ऐकलं नाही. आणि नंतर बोलावं असा मी राहिलो नाही."

दुसऱ्या दिवसापासून भिंती उतरवायला घेतल्या. माल अजून कच्चा होता, हातोडीनं हळू ठोकलं की वीट सुटी होत होती. विटा, सिमेंट, चौकट, सगळं वाटेपलीकडं होडीवाल्याच्या टेकाडावर न्यायचं. चार म्हातारी माणसं, आणि पाचवा होडीवाला. तो न बोलावता आला. "मला वाटलं, तुम्ही बघून घेतलंय," एवढंच म्हणाला आणि विटा उचलायला लागला.

रांग करून उभं राहायचं, एकानं दुसऱ्याला वीट द्यायची. डायव्हर मिस्त्रीच्या शेजारी होता, पण दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. विटेमागून वीट नुसती हातात ठेवत होता. मोठीनं मोजणं सोडलं नव्हतं. नव्वद. अठ्ठ्याहत्तर. आता ती मोठ्यानं सांगत होती, रोज सकाळी, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आकडा ऐकला की सगळे मान खाली घालून कामाला लागत. तिसऱ्या दिवशी पासष्ट. कुणी दुपारी टेकेना. धाकटी तळव्यांना फोड आले तरी हातरुमाल गुंडाळून उभी राहिली.

त्या दिवशी मिस्त्रीच्या हातून वीट निसटली आणि डायव्हरच्या पायाजवळ पडली. तो घाईनं दुसरी घ्यायला वळला, तीही निसटली. डायव्हरनं त्याचं मनगट धरलं. हात त्याच्या मुठीत थरथरत होता, पकडलेल्या पाखरासारखा.

"हे कधीपासून?"

"वर्ष झालं."

"सांगायचं नाही होय?" डायव्हर म्हणाला. "आम्ही काय परके? मलासुद्धा ब्रेक लागेना झाला होता पायानं, म्हणून सुटलो मी. कुणाला सांगितलं नाही." मग त्यानं मिस्त्रीला रांगेतून काढून वरच्या टोकाला, होडीवाल्याच्या जागी, नुसतं रचायला उभं केलं आणि होडीवाल्याला खाली घेतलं.

घर खोलीच्या बरंच खाली होतं; सहाव्या दिवशी पाणी जोत्यावर चढलं. वाळूचा ढीग अर्धा राहिला होता, तो डोळ्यांदेखत बसला आणि पसरला. पत्र्याची खोली सकाळीच मोडली होती. शेवटच्या विटा होडीवाल्यानं होडीतून आणल्या. खाट ठेवायच्या जागेवर तो वल्हं टेकवून उभा होता. अजून तर पाणी गुडघ्याएवढंच होतं. पांढरी कड त्याच्या बरीच वर, झाडांवर, वाट बघत होती. मोठीनं धाकटीचा हात घट्ट धरला. धाकटीनंही सोडवून घेतला नाही.

महिनाअखेरीला मिस्त्रीचा कागद झाला नाही. त्याऐवजी होडीवाल्यानं टेकाडाच्या पाठीमागचा माळ दाखवला. कुणाचा आहे, देतो का, ते सगळं डायव्हर विचारून आला. घर आता एकच बांधायचं ठरलं होतं, चौघांना पुरेल असं. विटाही तेवढ्याच होत्या.

जागा ठरवायला एका सकाळी सगळे निघाले. मिस्त्रीनं पांढऱ्या कडेपासून लेव्हल घ्यायला सुरुवात केली, टप्प्याटप्प्यानं वर. खालचं टोक त्याच्याकडं, वरचं बायकोकडं. डायव्हर नळी उचलून धरत मधून चालत होता. होडीवाल्याच्या दाराशी आल्यावर मिस्त्री ओरडला, "बोल!"

तिनं बघितलं. कड त्या दाराच्या जेमतेम कमरेएवढी खाली होती. खांबाला होडी बांधलेली होती.

"बोललं," ती म्हणाली. "अजून वर."

"इथं पाणी येत नाही आता," मिस्त्री म्हणाला. "कडेच्या वर आहोत आपण."

तिनं होडीच्या साखळीवर हात ठेवला. त्यानं तिच्याकडं बघितलं, साखळीकडं बघितलं, आणि आपलं टोक उचललं. टेकाडाचा माथा आला. "बोल," तो म्हणाला. दम लागला होता.

"अजून वर."

माथा ओलांडला. पलीकडचा माळ लागला, तो आणखी उंचावत गेला होता. डायव्हर थांबला, मागं वळला. "ताई," तो म्हणाला, "इथून तळं दिसत नाही."

"नाही ना दिसत?" तिनं विचारलं, आणि खात्री करायला स्वतः एकदा मागं वळून बघितलं.

"बोल," मिस्त्री म्हणाला.

"अजून थोडं," ती म्हणाली. मिस्त्रीनं काही न विचारता नळी उचलली आणि तिच्यामागं चढायला लागला.